टाक्याचं दुखणं आणि हौसेचं दुखणं



आजचा विषय बाहेर फळ्यावर लिहिला गेला तेव्हा दोघा-तिघांनी आम्हाला जिन्यातच गाठलं आणि विचारलं, "सर, तत्त्वज्ञान सोडून हे केशरोपण कुठून काढलंत?" पहिल्या दोन रांगांकडे बघता विषय अगदीच गैरलागू आहे असं आम्हाला तरी वाटत नाही. (हशा)

एक खुलासा आधीच करून टाकतो. आमच्या नावामागे 'डॉ.' आहे ते तत्त्वज्ञानाचं. शेजारच्या वाड्यात कुणाला ताप आला की अजूनही आमच्या दारावर थाप पडते, आणि आम्हाला हात जोडून सांगावं लागतं की बाबा, तो डॉक्टर वेगळा. तेव्हा गोळीचं नाव आणि डोस आमच्याकडे मागू नका. पण डोक्यावरची जखम कशी भरते, ती भरताना काय काय दुखतं, हे गेली दोन वर्षं आम्ही वाचलं आहे, जाणत्यांजवळ बसून समजून घेतलं आहे. ही बुद्धी का झाली? तर त्याआधी एक चूक केली म्हणून. ती चूक ओघात येईल.

मुळापासून सुरुवात करू. केशरोपणात नवा केस तयार होत नाही, केसाची फक्त जागा बदलते. टक्कल पडतं ते कपाळाकडून आणि टाळूवरून. कानांच्या वरची आणि मानेच्या वरची झालर बहुतेकांची शेवटपर्यंत टिकते. जपानमध्ये शोजी ओकुदा यांनी १९३९ सालीच केसांसकट कातडीचे बारके तुकडे उचलून दुसरीकडे रोवले होते, पण युद्धाच्या धामधुमीत ते काम तिकडेच राहिलं. पुढे न्यूयॉर्कचे नॉर्मन ओरेंट्राइख यांनी १९५२ मध्ये मागचे केस पुढे लावून पाहिले आणि १९५९ मध्ये त्यामागचं तत्त्व छापून प्रसिद्ध केलं. तत्त्व सोपं आहे. केस ज्या जागेचा, त्या जागेचा स्वभाव बरोबर घेऊन येतो. मागचा टिकाऊ केस पुढे आणला तरी टिकतो. आपल्याकडे सासरी गेलेल्या मुलीचं माहेरचं वळण जात नाही म्हणतात, तसंच काहीसं.

आता यातली एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. या शस्त्रक्रियेत जखमा दोन ठिकाणी होतात. एक पुढे, जिथे केस लावले. ती सगळे बघतात, फोटो काढतात, आरशात रोज मोजतात. दुसरी मागे, जिथून केस घेतले. तिच्याकडे कुणी बघत नाही, स्वतःलाही ती दिसत नाही. आणि दुखतं ते मुख्यतः तिथे.

मागून केस घ्यायच्या दोन रीती आहेत. एका रीतीत डोक्याच्या मागच्या भागातून कातडीची एक लांब अरुंद पट्टी कापून घेतात. रुंदी सेंटिमीटरभर किंवा थोडी जास्त, लांबी कधी वीस सेंटिमीटर, कधी अधिकही. मग दोन्ही कडा ओढून जवळ आणायच्या आणि शिवायच्या. पट्टीतून सूक्ष्मदर्शकाखाली केसांचे पुंजके वेगळे करतात. एकेका पुंजक्यात एक ते चार केस असतात, त्याला ग्राफ्ट म्हणतात. दुसऱ्या रीतीत पट्टी नाही, टाकेही नाहीत. मिलिमीटरभर किंवा त्याहून बारीक तोंडाच्या गोल पात्याने एकेक पुंजका सुटा काढतात. ही रीत २००२ च्या सुमारास शास्त्रीय नियतकालिकात आली आणि आता हीच जास्त चालते. जाहिरातीत हिला 'बिनटाक्याची' म्हणतात ते बरोबर आहे. 'बिनजखमेची' म्हणतात ते मात्र बरोबर नाही.

आम्ही एक हिशेब मांडला. ०.९ मिलिमीटर व्यासाचं एक छिद्र म्हणजे सुमारे ०.६४ चौरस मिलिमीटर. अशी २००० छिद्रं पाडली तर एकूण उघडी जखम होते सुमारे १३ चौरस सेंटिमीटर. काडेपेटीच्या चित्राच्या बाजूहून थोडीशी लहान. ही सलग जखम असती तर भरायला किती दिवस लागले असते! पण ती दोन हजार ठिकाणी वाटलेली आहे. कातडी भरते ती कडेकडून आत सरकत, आणि इथे कडेपासून मध्यापर्यंतचं अंतर अर्धा मिलिमीटरसुद्धा नाही. शिवाय शेजारी उरलेल्या केसांची मुळंही नव्या पेशी पुरवतात. म्हणून चार-पाच दिवसांत बहुतेक तोंडं मिटतात. दुखणं कसं? उन्हात भाजल्यासारखं, पसरट, चरचरीत. दोन-तीन दिवस टिकतं आणि उतरतं. मागे बारीक पांढरे ठिपके राहतात, केस अगदीच बारीक कापले तर दिसतात.

पट्टीचं दुखणं वेगळ्या जातीचं. तिथे छिद्रं नाहीत, एकच रेघ आहे, पण ती ताणाखाली आहे. आधी सेंटिमीटरभर रुंद असलेली जागा ओढून बंद केली आहे. लहान झालेला सदरा घालून बटण लावलं की बटणाच्या काजापाशी जे होतं, ते तिथे चालू असतं. म्हणून तिथे चरचर कमी आणि ओढ जास्त. मान खाली घातली की ओढतं, जांभई दिली की ओढतं, रात्री उशीवर डोकं टेकलं की नेमकं तिथेच टेकतं. आमच्या भाच्याने पहिले आठ दिवस दोन लोड पाठीशी लावून अर्धवट बसून झोप काढली. प्रवासात गळ्यात घालतात ती गोल उशीही वापरली.

भाचा आलाच आहे बोलण्यात, तर सांगतो. आमच्या धाकट्या बहिणीचा मुलगा. तिशी ओलांडलेला, लग्न ठरलेलं, कपाळ मात्र पन्नाशीचं. त्याने पट्टीची शस्त्रक्रिया करून घेतली. घरात कुणी विरोध केला नाही. थट्टा मात्र सगळ्यांनी केली, आणि थट्टेत आम्ही आघाडीवर होतो.

त्याची हकिकत थोडी बाजूला ठेवतो आणि कातडी आत काय करत असते ते सांगतो, नाहीतर हकिकतीचा अर्थ लागणार नाही.

कापल्याबरोबर रक्त गोठतं. मग तीन-चार दिवस त्या जागी गर्दी असते. रक्तातल्या पांढऱ्या पेशी येतात, साफसफाई करतात, जागा लाल होते, गरम होते, सुजते. या गर्दीत काही द्रव्यं सुटतात, आणि ती मज्जातंतूंच्या टोकांना हळवं करून सोडतात. एरवी ज्या स्पर्शाची दखलही घेतली नसती, तो स्पर्श दुखतो. उशीचा अभ्रा दुखतो, शर्टाची कॉलर दुखते. मराठीत याला 'हुळहुळणं' असा नेमका शब्द आहे. जखम हुळहुळते म्हणजे काही बिघडलं आहे असं नव्हे. शरीराने 'इथे हात लावू नका' अशी पाटी लावली आहे, एवढंच.

शिवलेल्या रेघेवर वरचा पापुद्रा दोन दिवसांतच सांधला जातो. दिसायला जखम मिटते. टाके साधारण दहा ते चौदा दिवसांनी काढतात, आणि लोकांना वाटतं काम झालं. खरी गंमत इथे आहे. त्या वेळी खालच्या शिवणीत जोर फारच थोडा असतो. तीन आठवड्यांनी ती जागा मूळ कातडीच्या सुमारे पाचव्या हिश्श्याइतका ताण सोसू शकते. तीन महिन्यांनी सुमारे चार-पंचमांश. पूर्ववत मात्र कधीच होत नाही. आत घाईघाईने घातलेले धागे काढून तिथे पक्के धागे घालायचं काम वर्षभर, कधी त्याहून जास्त चालतं. म्हणून टाके निघाल्यावर दुसऱ्या दिवशी जिममध्ये जाऊन वजनं उचलणाऱ्याची रेघ रुंदावते. मिटलेलं दिसणं आणि जुळलेलं असणं यांत महिन्यांचं अंतर आहे. आमच्या शास्त्रात आभास आणि सत्ता यांच्यावर ग्रंथच्या ग्रंथ आहेत, पण आम्हाला तो फरक इतका स्वच्छ कळला तो टाक्यांमुळे.

पुढच्या बाजूला तुलनेने शांतता असते. तिथे सुईच्या टोकाएवढ्या खाचा करून ग्राफ्ट बसवलेले असतात. त्यांच्यावर खपल्या धरतात, आठ-दहा दिवसांत धुता धुता गळतात. साधारण नवव्या-दहाव्या दिवसापर्यंत मूळ घट्ट रुजतं. तोवर नख लावायचं नाही, आणि नेमकी तेव्हाच खाज सुटते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कपाळ सुजतं, कधी सूज डोळ्यांवर उतरते. टाळूत टोचलेलं पाणी आणि जखमेची सूज खाली ओघळते, बाकी काही नाही. आमच्या बहिणीने त्या दिवशी घर डोक्यावर घेतलं होतं. आणखी एक धक्का पुढे असतो. दोन ते सहा आठवड्यांत लावलेले केस गळून पडतात. मूळ आत असतं, तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून नवा केस वर येऊ लागतो. हे आधी सांगितलेलं नसलं की माणूस खचतो.

आता दुखण्याच्या शब्दांकडे येतो. ही आमची जागा आहे, इथे थोडं रेंगाळू द्या.

माँट्रिअलच्या मॅकगिल विद्यापीठात रोनाल्ड मेल्झॅक नावाचे मानसशास्त्रज्ञ होते. १९७५ मध्ये त्यांनी वेदना मोजायची एक प्रश्नावली छापली. तिच्यात आकडे नंतर, आधी शब्द आहेत. दुखण्याचे ७८ शब्द, २० गटांत. तुमचं दुखणं यांतल्या कोणत्या शब्दाने सांगाल, असं रुग्णाला विचारायचं. मेल्झॅक यांना कळलं होतं की 'किती दुखतं' यापेक्षा 'कसं दुखतं' यातून जास्त कळतं. आपल्याकडे सुश्रुताने व्रणाच्या वेदनांची अशीच मोठी यादी दिली आहे. तोदन म्हणजे टोचल्यासारखं, निर्दहन म्हणजे जळल्यासारखं, आणि त्यात एक गोड शब्द आहे, चुमचुमायन. आपली चुणचुण! दोन हजार वर्षांपूर्वीच्या रुग्णाची चुणचुण त्या शब्दात अजून ऐकू येते.

मराठी या बाबतीत श्रीमंत आहे. केशरोपणाच्या जखमेचा प्रवास मराठी क्रियापदांतच सांगता येतो. भूल उतरली की पहिल्या रात्री ठणकतं. मग हुळहुळतं आणि ओढतं. दुसऱ्या आठवड्यात खाजतं, चुणचुणतं. त्यानंतर रेघेच्या वरचा भाग बधिर वाटतो, कारण मानेतून टाळूकडे चढणाऱ्या मज्जातंतूंचे बारके फाटे कापले गेलेले असतात. हे तंतू परत वाढतात ते दिवसाला मिलिमीटरभर या गतीने, आणि वाढता वाढता मधूनच वीज चमकल्यासारखी कळ मारतात. ती कळ घाबरवणारी असते, पण चांगली खूण असते. एकच जागा हात लावला तर बधिर आणि आतून दुखरी, असं दोन्ही असू शकतं. लोक म्हणतात असं कसं होईल? होतं.

या यादीत एक शब्द मुद्दामच घेतला नाही. 'ठसठसणं'. गळू ठसठसतं. नखुरडं ठसठसतं. ज्याच्यात पू धरतो ते ठसठसतं. आपल्या आज्या-पणज्यांना जंतुशास्त्र ठाऊक नव्हतं, पण हा शब्द त्यांनी बरोबर वेगळा ठेवला होता.

सहाव्या दिवशी संध्याकाळी भाच्याचा फोन आला. "मामा, एक विचारू? काल-परवा हुळहुळत होतं, ते कमी झालं होतं. आज एका बाजूला ठसठसतंय. असं असतं का हो?"

नीट ऐका, मंडळी. त्या पोराने अचूक सांगितलं होतं. कमी झालेलं दुखणं परत वाढलं, एका बाजूला, आणि शब्द बदलला. यापेक्षा स्वच्छ वर्णन कुठला रुग्ण करेल? आणि पस्तीस वर्षं भाषेचं तत्त्वज्ञान शिकवलेल्या या गृहस्थांनी काय उत्तर दिलं? "अरे, हौसेला मोल नसतं म्हणतात, पण व्याज असतं हो!" आणि स्वतःच्याच विनोदावर हसलो. वर विट्गेनश्टाइनची पेटीतल्या किड्याची गोष्टही ऐकवली, की प्रत्येकाच्या पेटीत आपापला किडा, दुसऱ्याची वेदना कुणाला दिसते! तो "बरं मामा" म्हणाला आणि फोन ठेवला.

त्यानंतर तो कुणाला काही बोलला नाही. आठव्या दिवशी सकाळी बहिणीने उशीचा अभ्रा धुवायला काढला, त्यावर पिवळट डाग दिसला आणि वास आला. अंगात कणकण होती, तीही त्याने लपवली होती. डॉक्टरांनी त्याच दिवशी दोन टाके काढून पू वाहू दिला, प्रतिजैविकं सुरू केली. चार-सहा दिवसांत निवळलं. डोक्याच्या कातडीला रक्तपुरवठा भरपूर असतो, त्यामुळे तिथे जंतू सहसा टिकत नाहीत. सहसा. डॉक्टर रागावले ते एवढ्याचसाठी, की सहाव्या दिवशी आला असतास तर एका टाक्यावर भागलं असतं. आता तिथे अंगठ्याच्या नखाएवढी जागा उघडी पडून भरली, आणि वणावर केस येत नाही, कारण केसाचं मूळच उरलेलं नसतं.

आम्ही नंतर त्याला विचारलं, अरे, डॉक्टरांना फोन का केला नाहीस? तो म्हणाला, "मामा, अपेंडिक्स काढलं असतं तर केला असता. हे मीच पैसे देऊन आणलेलं दुखणं. त्याबद्दल कुरकुर कुठल्या तोंडाने करणार?"

हे वाक्य आमच्या डोक्यातून अजून जात नाही. बौद्ध परंपरेत दोन बाणांचा दृष्टान्त आहे. पहिला बाण शरीराला लागतो, दुसरा मनाला. त्या सुत्ताचं नाव सल्ल, म्हणजे शल्य, आणि आपला 'सल' त्याच शब्दातून आला. भाच्याला पहिला बाण शल्यविशारदाने मारला तो भूल देऊन, परवानगी घेऊन. दुसरा बाण आम्ही मारला, बिनभुलीचा.

आणि हौस म्हणून हिणवावं असं तरी त्यात काय होतं? सुश्रुताने व्रणावरचे साठ उपचार सांगितले आहेत. त्यांतले शेवटाकडचे काही जखम भरून आल्यानंतरचे आहेत. डाग कातडीच्या रंगाचा करणं, आणि चक्क 'रोमसंजनन', म्हणजे त्या जागी केस आणणं. विद्रूपता जाणं हा त्याच्या लेखी बरं होण्याचाच भाग होता. नीट भरलेला व्रण कोणता, तर गाठ नाही, सूज नाही, दुखत नाही, कातडीच्या रंगाचा आणि सपाट. हे निकष आजही शल्यविशारद बोटाने चाचपून बघतात. तोच सुश्रुत असंही बजावतो, की भरून आलेला व्रण श्रमाने, आघाताने, अजीर्णाने, फार हर्षाने, रागाने आणि भयानेही पुन्हा उकलतो. लग्नघरात यांतलं काय नसतं? (हशा)

इथे पुण्याची एक गोष्ट आठवते. टिपूच्या कैदेत नाक कापला गेलेला कावसजी नावाचा गाडीवान. १७९३ मध्ये इथल्या एका कारागिराने कपाळाची कातडी वळवून त्याला नाक करून दिलं, आणि १७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये ते चित्रासह छापून आलं. नाकाची कीर्ती जगभर झाली. ज्या कपाळाने कातडी दिली ते किती दिवस दुखलं, हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. देणाऱ्या जागेचं कायम असंच होतं.

तेव्हा कुणाच्या घरी असं ऑपरेशन झालंच, तर मागची बाजू रोज कुणीतरी बघा. स्वतःला दिसत नाही ती. दुखणं किती आहे यापेक्षा ते कुठल्या दिशेला चाललंय ते विचारा. कालच्यापेक्षा आज कमी, तर थोडं जास्त दुखलं तरी चालेल. उतरून पुन्हा चढत असेल, एका जागी ठसठसत असेल, लाली पसरत असेल, पाणी किंवा पू येत असेल, कड काळपट पडत असेल, ताप असेल, तर रात्र असली तरी फोन करा. आणि फोन उचलणारा डॉक्टरच असला पाहिजे. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं, की व्हिडिओ बघून किंवा एखाद्या कार्यशाळेला बसून ही शस्त्रक्रिया करता येत नाही. हे सांगावं लागलं यावरूनच काय ते समजा. हेल्मेटबद्दलही आधीच विचारून ठेवा. त्याची मागची कड बरोबर शिवणीवर बसते, आणि हेल्मेट न घालणं हा काही त्यावरचा उपाय नव्हे. काही आठवडे स्कूटर घरी, आपण रिक्षात.

एक चिठ्ठी आली आहे. बहुधा कुणा आईची. "तेल कधीपासून लावावं?" आमच्या बहिणीचा पहिला प्रश्न हाच होता! चौथ्या दिवशी खोबरेल कोमट करून वाटीत घेऊन उभी. डॉक्टरांनी सांगितलं, खपल्या पूर्ण जाऊन, टाके निघून, कातडी कोरडी होईपर्यंत काहीही नको, आणि नंतरही आम्हाला दाखवून. तिने ती वाटी देवापुढच्या समईत रिकामी केली.

भाचा? लग्न झालं. अकरा महिने झाले आता. केस बरे आले आहेत. मागच्या रेघेवर कानाच्या बाजूला दोन बोटं जागा अजून बधिर आहे, कंगवा फिरलेला कळत नाही म्हणतो. परवा घरी आला होता. आम्ही विचारलं, मागचं कसं आहे? तो वळला आणि डोकं खाली केलं. आम्ही चष्मा लावून बघितलं. रेघ पांढरी, सपाट, आणि मध्ये ती नखाएवढी जागा. बोट ठेवून विचारलं, इथे दुखतं का रे? म्हणाला, "नाही. ओढतं कधीकधी, थंडीत."

मागून चहाची खूण झाली आहे. थांबतो.